वेस्टर्नमधल्या जोड्या

वेस्टर्न, म्हणजे जुन्या अमेरिकी पश्चिमेतल्या बंदूकबाजांचा चित्रपट म्हटला की एकटा घोडेस्वार आधी आठवतो; मला मात्र त्यातल्या जोड्याच अधिक भावतात. हॉवर्ड हॉक्स यांच्या १९५९ च्या ‘रिओ ब्राव्हो’मध्ये जॉन वेनचा शेरीफ आणि डीन मार्टिनने साकारलेला, दारूने खंगलेला त्याचा साहाय्यक ड्यूड आपल्या मैत्रीविषयी चकार शब्द काढत नाहीत. ड्यूडचे हात इतके थरथरतात की त्याला साधी सिगारेट वळता येत नाही. तेव्हा शेरीफ मुकाट्याने आपली सिगारेट त्याच्या हाती देतो, आणि त्या देण्यात कीव अजिबात नसते. पुढे पेल्यात ओतलेली दारू ड्यूड थेंबही न सांडता पुन्हा बाटलीत ओततो. गोव्यात फोंड्याला मित्रांसोबत हा चित्रपट पाहताना तो प्रसंग कुणाला समजावून सांगावा लागला नाही. गावोगावी तावेर्न, म्हणजे दारूचे गुत्ते, असलेला आमचा मुलूख आहे.

भागीदारीची खरी कसोटी मात्र सॅम पेकिन्पा यांच्या १९६२ च्या ‘राइड द हाय कंट्री’त दिसते. जोएल मॅक्रीचा स्टीव्ह खाणीवरचे सोने बँकेत पोचवण्याचे काम इमानाने करू पाहतो, तर रँडॉल्फ स्कॉटचा गिल तेच सोने लांबवण्याच्या बेताने त्याच्यासोबत निघतो. बिंग फुटल्यावरही शेवटच्या चकमकीत दोघे म्हातारे खांद्याला खांदा लावून उभे राहतात आणि मरणाऱ्या स्टीव्हला गिल सोने पोचवण्याचा शब्द देतो. १९६९ च्या ‘बुच कॅसिडी अँड द सनडान्स किड’मधली पॉल न्यूमन आणि रॉबर्ट रेडफर्ड यांची दरोडेखोर जोडी कितीतरी लोकप्रिय आहे, परंतु तिच्या मैत्रीला आतून तडा जाण्याची वेळच येत नाही, म्हणून मी तिला दुसरा क्रमांक देतो.