तुम्ही विचारलंत म्हणून: तब्येतीला कुठला चहा चांगला?

सुटा चहा विकायच्या धंद्यात हा प्रश्न काही चुकत नाही. पाव किलो ममरी, म्हणजे दाणेदार चहा, पिशवीत भरली, सुटे पैसे परत दिले, की गिऱ्हाईक काउंटरवर कोपर टेकून विचारतं, "पण यातला तब्येतीला चांगला कुठला हो?" बहुतेकांना उत्तर 'ग्रीन टी' असंच हवं असतं. मलाही ते परवडतं, त्यात सुटतात चार पैसे जास्त. तरी मी काय सांगतो ते इथे लिहितो.

हिरवा, काळा, पांढरा, ऊलाँग हे सगळे कॅमेलिया सायनेन्सिस या एकाच झाडाचे. फरक पडतो तो पान खुडल्यानंतर. दुखावलेलं पान हवेत राहिलं की चिरलेल्या सफरचंदासारखं काळवंडतं. हिरव्या चहाचं पान लगेच वाफवून किंवा कढईत तापवून हे काळवंडणं थांबवतात, काळ्याचं पुरतं होऊ देतात, ऊलाँगचं मध्येच अडवतात. पांढरा म्हणजे कोवळ्या कळ्या नुसत्या सुकवलेल्या. आपण रोज उकळतो ती ममरी आणि डस्ट (बारीक भुकटी) दातेरी रुळांतून चिरडून काढलेली असते. १९३०च्या दशकात आसामात ही रीत सुरू झाली. या पावडरीचा रंग झटकन उतरतो आणि दुधातही चव टिकते, म्हणून अमृततुल्यवाले डस्टशिवाय दुसऱ्या पोत्याकडे बघत नाहीत. दार्जिलिंगचं पान मात्र दुधात उकळू नका. पैसे पाण्यात, म्हणजे दुधात.

आता फायदे. हिरव्या चहात कॅटेचिन्स, म्हणजे पानातली तुरट द्रव्यं, टिकून राहतात, काळ्यात त्यांचीच थिआफ्लेविन्स होतात. दोन्ही कामाची. ब्रिटनमधल्या सुमारे पाच लाख लोकांच्या नोंदींवरचा एक अभ्यास २०२२ मध्ये आला. तिथे काळाच चहा पितात आणि बहुतेक जण दूध घालूनच. रोज दोन किंवा जास्त कप घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण चहा न घेणाऱ्यांपेक्षा ९ ते १३ टक्क्यांनी कमी दिसलं. ते चहामुळेच, असं यावरून म्हणता येत नाही; पण दुधाच्या चहाला ऊठसूट विष म्हणणाऱ्यांना ऐकवायला बरं. ग्रीन टीने वजन उतरतं ते अगदीच किरकोळ. त्याच्या अर्काच्या गोळ्यांपासून तर लांबच राहा. रोज ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी (ग्रीन टीतलं मुख्य कॅटेचिन) गोळ्यांतून पोटात गेलं तर यकृताला त्रास होऊ शकतो, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्येच सांगितलंय.

खरी गोम साखरेच्या डब्यात आहे. हे संभाषण माझ्या दुकानात नेहमीचं:

"ग्रीन टी द्या, वजन कमी करायचंय."

"काकू, दिवसाला चहा किती होतात?"

"चार. कुणी आलं-गेलं तर पाच."

"साखर?"

"दोन-दोन चमचे. पण ग्रीन टीत मी मध घालणारे."

चार कपांचे आठ चमचे, म्हणजे ३५-४० ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, जमल्यास दिवसभरात २५ ग्रॅमच्या आत राहा, आणि मधही त्याच हिशोबात धरते. काकूंना हे आवडत नाही. बिस्किटांचा विषय मी काढतच नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. चहातली टॅनिन्स, म्हणजे तुरटपणा आणणारी द्रव्यं, भाजी-डाळीतलं लोह धरून ठेवतात, अंगी लागू देत नाहीत. म्हणून हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारसूचनांत सांगितलंय, की जेवणाआधी आणि नंतर निदान तासभर चहा-कॉफी नको. आपण काय करतो? पोह्यांवर लिंबू पिळतो, ते लोहासाठी उत्तमच, आणि शेजारी कप ठेवून सगळ्यावर पाणी फिरवतो. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे, हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आलंय. तेव्हा चहा-चपातीवर सकाळ काढणाऱ्या घरात मी ग्रीन टीआधी घड्याळाबद्दल बोलतो. लोहाची गोळी चहाबरोबर घेणारे तर रोज भेटतात.

गवती चहा हा झाडाने चहा नव्हेच, ते गवत. नुसती पाती उकळली तर त्यात कॅफिन नसतं, रात्री घ्यायला हरकत नाही. पावडरीबरोबर उकळली तर कॅफिन आलंच. चहात किसून घालतो ते आलं मळमळीवर खरंच गुणकारी आहे.

आणि बशीत ओतून पिणाऱ्यांना हसू नका. ६५ अंशांपेक्षा गरम पेय अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारण ठरतं, असं कर्करोगावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१६ मध्ये म्हटलं. बशीत चहा पटकन निवतो. आजोबांचं बरोबर होतं.

प्रकार कुठलाही घ्या, भेसळ तेवढी बघा. टिपकागदावर चिमूटभर पावडर पसरा, वर पाण्याचे थेंब शिंपडा, मग पावडर नळाखाली धुऊन कागद उजेडात धरा. चांगल्या चहाचा डाग पडत नाही. रंग लावलेला असेल तर लगेच उमटतो. तसा उमटला तर दुकान बदला, माझं असलं तरी.