डायलिसिस वॉर्डमधलं हात धुण्याचं ऑडिट, माझा अनुभव

मी सिंधुदुर्गातल्या एका हॉस्पिटलमध्ये डायलिसिसला स्टाफ नर्स आहे, नऊ वर्षं झाली. मागच्या पावसाळ्यात आमच्याकडे एकाच महिन्यात दोन कॅथेटरवाल्या (डायलिसिससाठी मोठ्या शिरेत नळी बसवलेल्या) पेशंटना मशीनवर असतानाच हुडहुडी भरून ताप आला. ज्यांनी हे बघितलंय त्यांना माहितेय, माणूस चांगला गप्पा मारत असतो, जोडून अर्धा-पाऊण तास होतो आणि एकदम अख्खा बेड हलायला लागतो, तीन ब्लँकेटं टाकली तरी दात वाजायचे थांबत नाहीत. दोघांचंही ब्लड कल्चर पॉझिटिव्ह आलं, म्हणजे रक्तात जंतू सापडला, स्टॅफ ऑरियस. हा जंतू माणसाच्याच नाकात नि कातडीवर असतो, पेशंटच्या किंवा आपल्या. त्यातल्या एका काकांना शेवटी गोव्याला बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवावं लागलं. ते बरे होऊन परत आले, पण काकींनी मला विचारलं, "बाय, आमी तर हयच येत होतव, मगे ह्यां खंयसून इलां?" मला उत्तर देता आलं नाही, आणि तो प्रश्न अजून डोक्यातून गेलेला नाही.

त्यानंतर डॉक्टरांनी सांगितलं की वॉर्डचं हँड हायजीन ऑडिट तू कर. डब्ल्यूएचओचे ते पाच क्षण असतात ना, पेशंटला हात लावायच्या आधी, निर्जंतुक कामाच्या आधी, रक्तबिक्त लागायची शक्यता असलेल्या कामानंतर, पेशंटला हात लावल्यावर, आणि त्याच्या आजूबाजूच्या वस्तूंना हात लावल्यावर, त्याचा तक्ता आमच्या भिंतीवर आधीपासून आहे, आणि झोपेतून उठवून विचारलं तरी सगळे म्हणून दाखवतील. पहिला आठवडा मी फाइल घेऊन उभी राहिले तर सगळं एकदम छान, जो तो हँडरब (हात साफ करायचं अल्कोहोलचं द्रावण) चोळतोय. मग मी फाइल ठेवून दिली आणि हेपरिन (रक्त गोठू नये म्हणून द्यायचं औषध) भरायच्या टेबलाशी बसून, माझं काम करता करता बघायला लागले. तेव्हा खरं चित्र दिसलं. जिथे हात साफ करायला हवे होते त्यातल्या निम्म्या वेळीही होत नव्हते.

एक प्रसंग सांगते. तीन नंबरवर आमची एक सिस्टर सुया काढून फिस्टुलावर (डायलिसिससाठी ऑपरेशन करून तयार केलेल्या हाताच्या शिरेवर) गॉज दाबून उभी होती. चार नंबरचा व्हीनस प्रेशरचा अलार्म वाजला, तिने डाव्या हाताने गॉज तसाच धरून उजवा हात लांब केला आणि चारचा म्यूट दाबला. ग्लोव्हज तेच. मी उठून जवळ गेले तर बटणाच्या कडेला मोहरीएवढा लाल ठिपका. ते बटण दिवसभरात आम्ही सगळेच दाबतो. हिपॅटायटिस बी चा व्हायरस सुकलेल्या रक्तात बाहेर निदान 7 दिवस जिवंत राहू शकतो, हे आम्ही शिकलेलो असतो, पण हातात ग्लोव्हज असले की मनाला वाटतं आपण स्वच्छ आहोत. ग्लोव्हजने माझा हात वाचतो, पुढच्या पेशंटचं काय?

दुसरी गोष्ट चिकटपट्टीची, आणि ही सवय मलाही होती. मायक्रोपोरचा रोल एप्रनच्या खिशात, त्याच्या पट्ट्या आधीच कापून मशीनच्या कडेला ओळीने चिकटवून ठेवायच्या म्हणजे सुई लावताना पटकन मिळतात. म्हणजे जी पट्टी सुईच्या तोंडाशी बसणार ती तासभर मशीनवर चिकटलेली, आणि तोच रोल दहाच्या दहा बेडवर फिरणार. नऊ वर्षांत मला हे एकदाही खटकलं नव्हतं.

पण आमची मुलं आळशी नाहीत हे मला लिहायलाच हवं, कारण मीटिंगमध्ये झालं ते नुसतं ओरडणं, आणि त्याने चार दिवस फरक पडला नि पाचव्या दिवशी परत तेच. कारणं वेगळी होती. आमच्या तीन शिफ्ट, प्रत्येक पेशंटचे चार तास, मधे मशीन आतून-बाहेरून साफ करायला वेळ कागदावर आहे. पण देवगड-वेंगुर्ल्याकडचे पेशंट एसटीने येणार, पावसात गाडी उशिरा, मधेच लाईट जाणार, आणि तिसऱ्या शिफ्टच्या लोकांना शेवटची गाडी पकडायची असते, मग एकाला ऑफ करतानाच दुसऱ्याला ऑन घ्यायची घाई सुरू होते, पहिला माणूस खुर्चीत दाबून बसलेला असतानाच मावशी हायपोक्लोराइटचं फडकं फिरवून मोकळ्या होतात. खरं तर पेशंट उठून गेल्यावरच पुसायचं असतं. त्यात हँडरबची बाटली एकच, दाराजवळच्या बेसिनपाशी. आणि आपल्याकडची हवा! मे-जूनमध्ये हात सतत घामेजलेले, ओल्या हातावर ग्लोव्ह चढता चढत नाही, फाटतो, म्हणून एकदा चढलेला काढायचाच नाही असं प्रत्येकाने आपापलं ठरवून टाकलेलं. स्टोअरमध्ये साइजही एकच.

मग मी तक्ते लावायचं सोडून ह्या बारीकसारीक गोष्टींच्या मागे लागले. प्रत्येक बेडला हँडरबचा स्टँड, हात पुसायला पेपर नॅपकिन, ग्लोव्हजचे तीन साइज. ऑफिसमधून उत्तर आलं की बाटल्या चोरीला जातात. मी त्या काकांच्या अँटिबायोटिकचा आणि ॲडमिशनचा हिशोब टेबलावर ठेवला, त्यापुढे बाटल्या काहीच नव्हत्या. दीड महिना गेला पण स्टँड आले. पट्ट्या आता ज्याच्या त्याच्या ट्रेमध्ये साफ हाताने कापायच्या, उरल्या तर टाकायच्या. हेपरिन वेगळ्या टेबलावर भरायचं, व्हायल (औषधाची कुपी) बेडकडे न्यायचीच नाही, आणि बेडजवळ गेलेली कुठलीही वस्तू त्या टेबलावर परत येणार नाही. स्टाफच्या हिपॅटायटिस बी लसीची टायटर (रक्तातल्या अँटिबॉडीचं प्रमाण) पण काढून घेतली, दोघांची 10 च्या खाली निघाली, म्हणजे संरक्षण पुरेसं नाही, त्यांचे डोस परत सुरू केले.

कॅथेटरला सगळ्यात जास्त लक्ष दिलं. जोडताना-सोडताना सिस्टरला आणि पेशंटला दोघांना मास्क, आणि टोपण काढल्यावर हबचं (कॅथेटरच्या बाहेरच्या टोकाचं) तोंड 15 सेकंद घासायचं. 15 सेकंद ऐकायला काहीच नाही, घाईत खूप वाटतात, हात तीन-चार सेकंदांत थांबतो. आमच्याकडे एक रिटायर मास्तर आहेत, त्यांना मी म्हटलं काका तुम्ही मोजा. आता ते मास्कच्या आतून पाढे म्हणावेत तसे मोठ्याने एक ते पंधरा मोजतात आणि बाराला कोणी थांबलं तर परत एकपासून सुरू करतात.

त्यावरूनच सुचलं की पेशंटनीच विचारावं. आमचे सीनियर टेक्निशियन दादा भडकले, "आता पेशंट शिकवणार काय आम्हाला?" त्यांचा राग मी समजू शकते, वीस वर्षं मशीनी सांभाळलेला माणूस आहे. मी त्यांना काही बोलले नाही, काकींना सांगितलं की त्यांच्यासमोर आधी मलाच विचारा. "गो बाय, हात धुतलंस मां?" काकींनी विचारलं आणि मी खरंच धुतले नव्हते, अलार्म बंद करून सरळ आले होते. मी सॉरी म्हटलं, हँडरब घेतला, हात पूर्ण सुकू दिले, मग हात लावला. दादा बघत होते. आता ते स्वतःच नवीन पेशंटला सांगतात, विचारायला लाजू नका.

गणपतीनंतर आमच्या एकाही कॅथेटर पेशंटला तशी हुडहुडी भरलेली नाही. पण तिसरी शिफ्ट अजून कच्ची आहे, गेल्या गुरुवारी संध्याकाळी लाईट गेली, दोन पेशंटची गाडी सुटायची वेळ झाली आणि मी लांबून बघितलं, परत तोच एक ग्लोव्ह दोन बेडवर. सोमवारपासून पंधरा दिवस मी तिसरी शिफ्ट मागून घेतलीये, आणि एसटी डेपोतून वेळापत्रक आणलंय, बघू त्या दोघांना दुसऱ्या शिफ्टमध्ये घेता येतं का.