नव्या थ्रिलरची रांग: लायब्ररीतून ऑडिओबुक घेण्याचा माझा अनुभव

अमेरिकेत नवी पुस्तकं बहुतेक मंगळवारी प्रसिद्ध होतात. एखाद्या खपाऊ लेखकाचा नवा थ्रिलर त्या मंगळवारी सकाळी लायब्ररीच्या ॲपमध्ये शोधला, तर आपल्यापुढे शंभर-सव्वाशे माणसं रांगेत दिसतात. पुस्तक आज आलं, मग ही माणसं कधी आली? ती तीन-चार आठवड्यांपूर्वीच येऊन उभी राहिलेली असतात. गाजणार हे उघड असलेली पुस्तकं लायब्ऱ्या प्रकाशनाच्या आधीच मागवून यादीत टाकतात, आणि यादीत दिसलं की नंबर लावता येतो. न्यू जर्सीतल्या आमच्या काउंटी लायब्ररीच्या कार्डावर ऑडिओबुकं घेताना ही गोष्ट मला सगळ्यात उशिरा कळली, आणि सगळ्यात जास्त उपयोगही तिचाच झाला.

सुरुवात कार्डापासून. फोटो असलेलं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा एवढंच बहुतेक ठिकाणी मागतात. नव्याने आलेल्यांकडे इथलं लायसन्स नसतं, तेव्हा पासपोर्ट आणि घराचा भाडेकरार किंवा विजेचं बिल घेऊन जावं. न्यू जर्सीत राहून नोकरीसाठी मॅनहॅटनला जाणाऱ्यांना दुसरं कार्डही मिळतं. न्यूयॉर्क राज्यात राहणाऱ्यांनाच नाही, तर तिथे नोकरी करणाऱ्यांना किंवा शिकणाऱ्यांनाही न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररी फुकट कार्ड देते. एडिसनहून रोज ट्रेन पकडणाऱ्या किती जणांना हे ठाऊक नसतं!

पुढची पायरी लिबी. ओव्हरड्राइव्ह कंपनीचं हे ॲप २०१७ मध्ये आलं, आणि एकाच ॲपमध्ये अनेक लायब्ऱ्यांची कार्डं जोडता येतात. कार्ड जोडताना लोक अडतात ते पिनपाशी. कार्डामागचा नंबर मोकळ्या जागा न सोडता टाकायचा. पिन आठवत नसेल तर फोन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकून पाहावेत, कारण कितीतरी लायब्ऱ्या सुरुवातीला तोच पिन ठेवतात. सगळं बरोबर असून ॲप नाही म्हणत असेल, तर बहुधा कार्डाची मुदत संपलेली असते. पत्ता पुन्हा तपासण्यापुरतीच ती मुदत असते, काउंटरवर किंवा फोनवर पाच मिनिटांत वाढवून मिळते. पण ती वाढेपर्यंत नवीन काही घेता येत नाही, आणि तीन महिने वाट पाहिलेल्या पुस्तकाचा नंबर नेमका त्याच आठवड्यात लागतो.

ऑडिओबुक म्हणजे शेवटी एक फाइल, मग रांग कशाला, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. लायब्ररी फाइल विकत घेत नाही, परवाना घेते. बहुतेक नव्या पुस्तकांचा परवाना एका वेळी एकाच वाचकासाठी असतो. वीस प्रती घेतल्या तर वीस जण ऐकणार, एकविसावा थांबणार. हे परवाने घरी विकत घेण्याच्या किमतीपेक्षा बरेच महाग पडतात, आणि काही ठरावीक मुदतीनंतर किंवा ठरावीक वेळा दिल्यावर संपतात. कालपर्यंत दिसणारी जुनी मालिका आज यादीतून गायब झाली तर कारण हेच असतं.

नंबर लावल्यावर लिबी जे आकडे दाखवतं, ते नीट वाचायला शिकावं. समजा १२६ जण रांगेत आहेत आणि प्रती २१. म्हणजे एका प्रतीमागे सहा जण, आणि पुस्तक ठेवण्याची मुदत १४ दिवसांची असेल तर शेवटच्याला १२ आठवडे. ॲपचा अंदाज साधारण असाच निघतो. प्रत्यक्षात पुस्तक बहुतेक वेळा त्याआधी येतं. कोणी चार दिवसांत ऐकून परत करतं, कोणी पहिलं प्रकरण ऐकूनच कंटाळतं, कोणी आपला नंबर पुढे ढकलतं, आणि रांग फारच वाढली की लायब्ररी आणखी प्रती घेते. म्हणून मी 'तुमचा नंबर अमुक' या आकड्याकडे फारसं बघत नाही, एका प्रतीमागे किती जण एवढंच बघते. १२६ जण आणि २१ प्रती ही रांग ३० जण आणि २ प्रती या रांगेपेक्षा निम्म्याहून कमी लांब आहे, पण पहिल्यांदा बघणारा नेमकी दुसरी निवडतो. तेच पुस्तक दुसऱ्या कार्डावर शोधून तिथला आकडाही पाहावा. दोन लायब्ऱ्यांत कधी कधी दोन महिन्यांचा फरक निघतो.

नंबर लागल्यावर घ्यायला साधारण तीन दिवस मिळतात. दोन-तीन नंबर एकदम लागणं हे तर ठरलेलंच, जसं वर्षभर पाहुणे नाहीत आणि मग एकाच शनिवारी तीन घरं दारात. अशा वेळी नंबर रद्द करू नये, 'नंतर द्या' हा पर्याय निवडावा. आपण रांगेत पुढेच राहतो, फक्त हाती आलेली प्रत मागच्याला जाते, आणि आपण सांगितलेल्या दिवसांनंतरची पहिली मोकळी प्रत आपल्याला मिळते. हे समजलं की नंबर लावताना हात आखडता घ्यावा लागत नाही. नंबर किती लावायचे यावर मर्यादा असते, ती प्रत्येक लायब्ररीची वेगळी.

कधी कधी रांगेबाहेरची एखादी प्रत 'रांग चुकवा' अशा खुणेसह दिसते. अशी प्रत बहुतेक सात दिवसांचीच असते आणि तिची मुदत वाढत नाही. प्रवासाचा आठवडा समोर असेल तरच घ्यावी.

आता मुदतीचा हिशोब. थ्रिलर साधारण ९ ते १२ तासांचा असतो. १० तास ४० मिनिटांचं पुस्तक, ऑफिसला जाता-येता प्रत्येकी ३५ मिनिटं, आठवड्याचे पाच दिवस. दोन आठवड्यांत ११ तास ४० मिनिटं होतात, म्हणजे जेमतेम. एक दिवस घरून काम केलं, एका संध्याकाळी गाडीत फोनवर बोलणं लांबलं, की गणित फसलं. वेग १.२५ केला तर तेच पुस्तक साडेआठ तासांत संपतं. शिवाय मुदत दिवसात नाही, तासा-मिनिटांत मोजली जाते. सकाळी नऊला घेतलेलं पुस्तक चौदाव्या दिवशी सकाळी नऊला जातं, म्हणून शक्य असेल तर रात्री घ्यावं. मागे कोणी थांबलेलं नसेल तर शेवटच्या तीन दिवसांत मुदत वाढवता येते. नव्या थ्रिलरच्या मागे कोणी थांबलेलं नाही असं सहसा होत नाही. विमान मोडवर ठेवून पुस्तक अडवून ठेवण्याची जी युक्ती लोक सांगतात, ती किंडलवरच्या ई-पुस्तकांची आहे. लिबीतलं ऑडिओबुक किंडलवर जातच नाही.

संपायला तीस-चाळीस मिनिटं राहिली आणि पुस्तक निघून गेलं, तर लगेच पुन्हा नंबर लावावा. आपण कुठे थांबलो ती जागा आणि खुणा ॲप लक्षात ठेवतं. खुनी कोण हे कळायला मग आणखी सहा आठवडे लागतात, तो भाग वेगळा.

थ्रिलर ऐकणं हे चरित्र किंवा प्रवासवर्णन ऐकण्यासारखं नाही. छापील पुस्तकात संशय आला की दहा पानं मागे जाऊन बघता येतं, ऐकताना ती सोय नाही. हल्लीच्या सस्पेन्स कथांमध्ये दोन काळ आणि दोन-तीन निवेदक आलटून पालटून येतात, आणि काळ बदलल्याची सूचना प्रकरणाच्या सुरुवातीला फक्त एकदा, सपाट आवाजात येते: 'अकरा महिन्यांपूर्वी'. त्याच क्षणी आपण पार्किंगमधून गाडी मागे घेत असलो, तर पुढची वीस मिनिटं मेलेली बाई चहा पिताना ऐकू येते. म्हणून प्रकरण बदललं की मी पडद्यावर प्रकरणाचं नाव बघते. ट्रेनमध्ये हे सोपं, गाडीत सिग्नलला. काही पुस्तकांत प्रकरणांना नुसते आकडेच असतात, तिथे मात्र कान टवकारूनच बसायला हवं. जिथे काही खटकलं तिथे खूण करून दोन शब्दांची नोंद ठेवते: 'लाल स्वेटर', 'शेजारी म्हणतो घरी होतो'. शेवटच्या तासात या खुणा परत ऐकल्या की लेखकाने कुठे प्रामाणिकपणे सांगितलं आणि कुठे हातचलाखी केली ते कळतं.

वेगाचा मोह आवरावा. लिबीत वेग तिप्पट करता येतो, पण सस्पेन्समध्ये निवेदक मुद्दाम थांबतो, ती शांतता दुपटीत खलास होते. स्कॉटिश किंवा आयरिश उच्चार असतील तर पहिला अर्धा तास मूळ वेगातच ऐकावा, पात्रांची नावं कानात बसू द्यावीत. घेण्याआधी नमुना ऐकणं तर सक्तीचं मानावं. चांगली कथा निवेदकाने मारल्याची उदाहरणं भरपूर आहेत, विशेषतः एकच निवेदक बायका आणि लहान मुलं दोघांचेही आवाज किनरे काढतो तेव्हा. झोपताना १५ मिनिटांचा टायमर लावावा आणि डोळे मिटण्याआधी खूण करावी.

डाउनलोडचं थोडक्यात. एका तासाला साधारण ३० एमबी, म्हणजे दहा तासांचं पुस्तक ३०० एमबीच्या आसपास. घरच्या वायफायवर पूर्ण उतरवून घ्यावं, नाहीतर नदीखालच्या बोगद्यात ट्रेन शिरते आणि पुस्तक गप्प होतं. अँड्रॉइडवर पडदा बंद झाला की आवाजही बंद होत असेल, तर फोनच्या बॅटरी बचतीतून या ॲपला सूट द्यावी. फोन बदलताना जुन्या फोनवरून आठ आकडी कोड घेऊन नव्यावर टाकावा. घेतलेली पुस्तकं आणि नंबर कार्डाबरोबर येतातच, पण खुणा आणि टॅग आपोआप येत नाहीत.

रांगेत थांबायचंच नसेल तर हुपला हे लायब्ररीच्या कार्डावर चालणारं दुसरं ॲप आहे. त्यात सहसा रांग नसते, पुस्तक लगेच, २१ दिवसांसाठी. मात्र दर वेळी लायब्ररीला पैसे मोजावे लागतात, म्हणून महिन्याला ठरावीकच पुस्तकं मिळतात, आणि लवकर परत केलं तरी तो आकडा परत मिळत नाही. काही लायब्ऱ्यांचं दिवसाचं बजेटही ठरलेलं असतं. संध्याकाळी 'आजची मर्यादा संपली' दिसलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी बघावं. नवे गाजलेले थ्रिलर इथे कमी, मधल्या फळीतले आणि मालिकांचे जुने भाग भरपूर.

दोन्हीकडे सापडत नसेल तर ते पुस्तक फक्त ऑडिबल या ॲमेझॉनच्या ऑडिओबुक सेवेसाठी ध्वनिमुद्रित झालेलं असण्याची शक्यता मोठी. ती लायब्ऱ्यांना सहसा मिळत नाहीत, कितीही विनंत्या करा. इतर पुस्तकांसाठी मात्र लिबीत 'मला कळवा' अशी खूण करता येते. लायब्ररीने ते घेतलं की सूचना येते, आणि खरेदी ठरवताना लायब्ररीलाही मागणी दिसते.

रांगेतलं पुस्तक येईपर्यंत काय ऐकायचं, यासाठी माझी यादी ऑडी पुरस्कारांची. अमेरिकेतल्या ऑडिओ प्रकाशकांची संघटना हे पुरस्कार देते, त्यात 'मिस्टरी' आणि 'थ्रिलर/सस्पेन्स' असे दोन वेगळे विभाग आहेत, आणि इथे कथेइतकंच निवेदनही तोललं जातं. तीन-चार वर्षांपूर्वीची अंतिम यादी घेऊन एकेक नाव लिबीत टाकायचं. त्या वेळी पाचशे जण ज्याच्यामागे होते, ते आज 'उपलब्ध' दिसतं.

मराठी रहस्यकथा या वाटेने मिळतील अशी आशा ठेवू नये. त्यासाठी स्टोरीटेल हे ऑडिओबुकांचं ॲप. ते २०१७ मध्ये भारतात आलं, त्यात मराठीचा संग्रह मोठा आहे, पण ती वर्गणी आहे, उसनवारी नाही. तिथे मुदत संपत नाही, म्हणून पुस्तक अर्धवट टाकून दुसरं सुरू करायची सवय लागते. लायब्ररीच्या पुस्तकावर चौदा दिवसांचं घड्याळ असतं, ते बरं. दोन दिवस राहिले की भांडी घासतानाही कानात इअरफोन असतो.