विमान शेतात उतरलं, कॅमेरे पार्ल्यात आले

माझी धाकटी बहीण कमर्शियल पायलटच्या लायसन्ससाठी शिकत होती. सोलो क्रॉस-कंट्रीवर, म्हणजे एकटीनं करायच्या लांबच्या सराव उड्डाणावर असताना इंजिनची पॉवर गेली. तिनं शेतात फोर्स्ड लँडिंग केलं, पुढचं चाक नांगरटीत रुतलं आणि विमान उलटलं. घोटा मोडला, गालाचं हाड मोडलं, पण पोरगी स्वतः बेल्ट सोडवून बाहेर आली. तिचं नाव, अकॅडमी, ते गाव यातलं काहीही मी इथे लिहिणार नाही. पुढचे काही आठवडे आम्ही जी धडपड केली, ती हेच जपण्यासाठी होती. उद्या आणखी कुणाच्या घरावर ही वेळ आली, तर काय करता येतं हे ठाऊक असावं म्हणून लिहिते आहे.

अकॅडमीचा फोन यायच्या आधी मला एका पत्रकाराचा फोन आला. "मॅडम, सिस्टरबद्दल फोनो द्याल का?" फोनो म्हणजे टीव्हीवर फोनवरून मुलाखत. आईबाबांना तेव्हा काहीच माहीत नव्हतं. संध्याकाळपर्यंत पार्ल्यात आमच्या सोसायटीच्या गेटवर कॅमेरे लागले. एक जण जिन्यानं थेट वर आला. आई भाजीची पिशवी घेऊन दाराशी उभी होती, तिच्यापुढे बूम माइक धरून त्यानं विचारलं, "मुलीला विमान चालवायला पाठवायचं हा कुणाचा हट्ट होता?" आई काही बोलली नाही. पण तो प्रश्न तिच्या मनातून अजून गेलेला नाही.

रात्री एका चॅनेलवर बहिणीचा फोटो झळकला. आतेभावाच्या हळदीतला. गालांवर हळद, केस विस्कटलेले, चेहऱ्याभोवती लाल वर्तुळ. शेजारी ज्वाळांत कोसळणारं विमान, ॲनिमेशन केलेलं. आग मुळात लागलीच नव्हती.

त्याच रात्री आम्ही ठरवलं की बोलेल ते फक्त मामा. बँकेतून निवृत्त झालेला माणूस, आवाज चढवत नाही. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं की कुणी फोटो पाठवायचे नाहीत, कुणाला बाइट द्यायचा नाही. हळदीचा फोटो ज्याच्या खात्यावरून उचलला होता, त्याच्यासह सगळ्यांनी प्रोफाइल लॉक केले. सेक्रेटरी काकांनी वॉचमनला लेखी सूचना दिली. गेटबाहेरचा रस्ता सार्वजनिक आहे, तिथे कुणीही उभं राहू शकतं, पण आवारात परवानगीशिवाय कॅमेरा येणार नाही.

मग मामानं चार ओळींचं निवेदन लिहिलं आणि फोन करणाऱ्या प्रत्येकाला तेच पाठवलं: "ती शुद्धीवर आहे, उपचार सुरू आहेत. मदतीला धावलेल्या गावकऱ्यांचे आम्ही आभारी आहोत. अपघाताचा तपास केंद्र सरकारची विमान अपघात तपास यंत्रणा (एएआयबी) करत आहे, म्हणून कारणांबद्दल आम्ही बोलणार नाही. कृपया तिचे व कुटुंबाचे फोटो वापरू नयेत." अगदी गप्प बसलो असतो तर शेजारच्या विंगमधल्या कुणाचा तरी बाइट चालला असता, हे मला आजही पक्कं वाटतं. एका मराठी दैनिकाच्या वयस्क वार्ताहरानं उलट मामालाच विचारलं, "नाव छापू नको ना?" आणि खरंच छापलं नाही. बातमीत कशाचीही उणीव राहिली नव्हती.

तिला मुंबईच्या हॉस्पिटलमध्ये हलवल्यावर रिसेप्शनला आणि डॉक्टरांना लेखी पत्र दिलं की आमच्याशिवाय कुणालाही माहिती देऊ नये. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णाची गोपनीयता राखणं डॉक्टरांवर बंधनकारक आहेच. तरी पत्राचा उपयोग झाला, कारण फोन डॉक्टरांना जात नाहीत, काउंटरवरच्या मुलीला जातात.

सगळ्यात जास्त लागलं ते रक्ततपासणीचं. अपघातानंतर वैमानिकाची मद्यचाचणी डीजीसीए या विमान वाहतूक नियामक संस्थेच्या नियमांनुसार करावीच लागते. विमानतळापासून लांब घटना घडली तर हॉस्पिटलमध्ये रक्ताचा नमुना घेतात. वैमानिक कोणीही असो, संशय असो वा नसो. एका चॅनेलनं मात्र पट्टी चालवली: "महिला पायलटच्या रक्ताचे नमुने घेतले, नशेत होती का?" घरात कधी वाइनची बाटली आलेली नाही, हे मी सांगत बसणार नाही, आली असती तरी तो प्रश्न तितकाच अन्यायाचा ठरला असता. रिपोर्ट निगेटिव्ह आला. त्याची पट्टी कुणी चालवली नाही.

तक्रार केली. त्यासाठी पुरावा लगेच गोळा करावा लागतो, म्हणून भावानं वेळ आणि तारीख दिसेल असं स्क्रीन रेकॉर्डिंग करून ठेवलं होतं. चॅनेल एनबीडीएसए या वृत्तवाहिन्यांच्या स्वनियमन मंडळाच्या कक्षेत येत असेल, तर प्रसारणापासून 7 दिवसांच्या आत आधी चॅनेलकडेच लिहावं लागतं आणि समाधान झालं नाही तर मंडळाकडे जाता येतं. वर्तमानपत्राचं असेल तर आधी संपादकांना पत्र, मग प्रेस कौन्सिल. दैनिकासाठी मुदत दोन महिन्यांची. कौन्सिल ताशेरे ओढू शकतं, दंड करू शकत नाही. आम्ही मद्यचाचणीचा नियम जोडून चॅनेलला लिहिलं. "माहिती सूत्रांकडून मिळाली होती" असं उत्तर आलं, क्लिप काढली, दिलगिरी नाही. इतरांनी उचललेल्या क्लिपांसाठी त्या त्या प्लॅटफॉर्मच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे वेगळं लिहावं लागलं. काही गेल्या, काही अजून आहेत.

बातमी येऊच नये असं माझं म्हणणं नाही. 28 जून 2018 ला घाटकोपरच्या जीवदया लेनमध्ये किंग एअर विमान कोसळलं, एका पादचाऱ्यासह 5 जण गेले. विमान उडायच्या लायकीचं होतं का, पावसात ते का उडवलं, हे प्रश्न पत्रकारांनी विचारायलाच हवेत. पण या प्रश्नांची उत्तरं कुणाच्या हळदीच्या फोटोत सापडत नाहीत.

एएआयबीचे अहवाल मी तेव्हा पहिल्यांदा वाचले. त्यांच्या वेबसाइटवर कुणालाही वाचता येतात. सुरुवातीलाच लिहिलेलं असतं की तपासाचा हेतू पुढचे अपघात टाळणं हा आहे, दोष ठरवणं नाही. वैमानिकाबद्दल एक तक्ता असतो: वय, लायसन्स, मेडिकल कधीपर्यंत वैध, एकूण उड्डाणाचे तास, गेल्या 30 दिवसांतले, 7 दिवसांतले, 24 तासांतले. नाव नसतं. ज्यांना खरोखर कारण शोधायचं आहे, त्यांना नावाची गरज पडत नाही.

तपास अधिकारी हॉस्पिटलमध्ये आले तेव्हा तिला नीट बोलताही येत नव्हतं. त्यांनी घाई केली नाही, मध्ये पाणी दिलं. कार्ब हीट (कार्बुरेटरमध्ये बर्फ साचू नये म्हणून दिली जाणारी गरम हवा) कधी लावली, फ्युएल किती होतं, कुठला चेक कोणत्या उंचीवर केला, सगळं तिनं सांगितलं. एकही गोष्ट लपवली नाही. आम्ही बाहेर उभे होतो.

घोटा बरा झाल्यावर अकॅडमीनं तिला ज्युनिअर्सशी बोलायला बोलावलं. ती गेली. शेत कसं निवडलं, नांगरट वरून का दिसली नाही, हे तिनं स्वतःच्या नावानं तासभर सांगितलं. व्हिडिओ काढू का, असं एकानं विचारलं. ती नको म्हणाली, आणि कुणी काढला नाही.