वाइमिया ते कवाइहाए: हवाईच्या कुरणांतून उतरताना

हवाईच्या मोठ्या बेटावर मी गेले ती गवत बघायला. वाइमिया गाव सुमारे 800 मीटर उंचीवर, माउना केआ आणि कोहालाच्या डोंगरांमध्ये वसलंय. ईशान्येचे वारे पाऊस आणतात आणि इथवर येईतो तो संपतो. गावाच्या एका टोकाला धुकं, दुसऱ्या टोकाला कडक ऊन. तिथून कवाइहाए बंदर अर्ध्या तासावर. तेवढ्या उतारात कुरण पार बदलून जातं.

वर सगळं किकुयू. पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातलं हे गवत जमिनीलगत पसरतं, गुरांनी खाल्लं तरी पुन्हा फुटतं. 1847 पासूनच्या पार्कर रँच या गुरांच्या मोठ्या फार्मची गुरं त्यात चरताना दिसतात. गुरंही बाहेरचीच. 1793 मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी जॉर्ज व्हँकुव्हरने ती राजा कमेहामेहाला भेट दिली, राजाने त्यांच्या शिकारीवर बंदी घातली आणि वाढत वाढत ती रानटी झाली. पुढे त्यांना आवरायला कॅलिफोर्नियाहून मेक्सिकन गुराखी आणावे लागले. तोवर या उतारांवरची झाडी मोडायला लागली होती. ती हिरवळ डोळ्यांना फार सुखावते. तिच्याखाली जंगल होतं हे मला विसरता येत नव्हतं. आता या किकुयूलाही कीड आहे: 2016 मध्ये बेटाच्या पश्चिमेकडच्या कोना भागात सापडलेला, रस शोषणारा दुपट्टी स्पिटलबग. गवत मेलं की तिथे तण माजतं.

थोडं खाली उतरलं की रंग पिवळा होतो. शोभेसाठी आणलेलं फाउंटन ग्रास लाव्हावरसुद्धा उगवलंय. राठ झालं की गुरं त्याला फारसं तोंड लावत नाहीत. मग आपलं अंजन गवत, आपली सुबाभूळ. आणि पिली, म्हणजे आपल्या माळावरची कुसळी! तेच पीळदार कुसळ, ओल लागली की फिरत फिरत बी मातीत घुसवणारं. युरोपीय जहाजं येण्याआधीपासून ती इथे आहे; हवाईयन लोक हिनेच घरं शाकारत. आता तिचे तुरळक पुंजके उरलेत.

बाकीचं वाळलेलं गवत म्हणजे जळण. 2021 मध्ये वाइमियाजवळ 40 हजार एकरांहून जास्त जमीन जळाली. 2023 मध्ये माउई बेटावर लाहैना गाव पेटलं, शंभरावर माणसं गेली. तिथे उसाचे मळे बंद पडल्यावर पडीक रानांत गिनी आणि अंजन गवत माजलं होतं. गुरांनी जंगल खाल्लं हे खरंच, पण आज या कोरड्या उतारांवरून चराई उठवली तर वणव्याला मोकळं रान मिळेल, असं माझं स्पष्ट मत आहे. कुंपण घालून, पाळीपाळीने चारावं, आणि जिथे जमेल तिथे मूळचं गवत परत लावावं.

ते जमतं. कवाइहाएच्या पुउकोहोला या जुन्या हवाईयन मंदिराच्या परिसरात अंजन गवत जाळून, उपटून, तणनाशक मारून पिलीचं बी पेरण्याचे प्रयोग झालेत. बेटावर गेलात तर समुद्राआधी तिथे थांबा, आणि पायांत जाड मोजे घाला.