बापाच्या नावावरचे नव्वद दिवस

आमच्या सोलापुरात बाई कमावते, ही कधीच बातमी नव्हती. पूर्व भागात वाढलेल्या कुणालाही विचारा. दुपारी अशोक चौकाच्या मागच्या कुठल्याही गल्लीत शिरलं की उंबऱ्यात सूप घेऊन बसलेल्या बायका दिसायच्या. ओल्या गोणपाटात गुंडाळलेली तेंदूची पानं, पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने कापलेले तुकडे, चिमूटभर तंबाखू, एक वळसा, तोंड मुडपायचं आणि दोरा. हात इतके सराईत की गप्पा मारताना नजर सुपाकडे जायचीही नाही. मांडीला टेकून पोर झोपलेलं असायचं, तंबाखूच्या वासातच.

आमच्या शेजारच्या काकू रोज हजाराच्या आसपास विड्या वळायच्या. त्या कारखान्यात नेऊन द्यायच्या. तिथे काही विड्या खराब म्हणून बाजूला निघायच्या आणि त्यांचा एक पैसाही मिळायचा नाही. घरी आल्या की स्वयंपाक, पाणी भरणं, सासूचं औषध. काका यंत्रमागावरची पाळी संपवून यायचे तेव्हा ताट वाढलेलं असायचं. काकूंच्या थोरलीला बघायला पाहुणे आले, तेव्हा त्यांनी विचारलेलं मला आजही आठवतं, "मुलीला विडी येते ना?" म्हणजे सून कमावती हवीच होती. कमाईबरोबर घरातलं काही कमी होईल, असं मात्र कुणाच्या मनातही नव्हतं.

याच बायकांनी लाल बावटा खांद्यावर घेऊन मोर्चे काढले. त्यातून कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली, विडी कामगार बायकांसाठी १०,००० घरं. ही केवढी मोठी गोष्ट आहे! आणि तरी त्या घरांत सकाळी पहिलं कोण उठतं आणि रात्री शेवटी कोण झोपतं, ते बदललं नाही. स्त्रीची भूमिका बदलली, असं आपण भाषणांत म्हणतो. माझं स्पष्ट मत आहे की ती बदलली नाही, वाढली. पुरुषाची आहे तिथेच राहिली.

मी सध्या स्वीडनमध्ये, गोथेनबर्गला राहते. नवराही सोलापूरचाच, तिथल्या जुळे सोलापूर भागातला. आम्हा दोघांचीही नोकरी इथेच. आमची लेक दहा महिन्यांची झाली तेव्हा मी कामावर परत गेले आणि तो रजेवर बसला.

इथे मुलामागे आईबापांना मिळून ४८० दिवसांची पगारी रजा असते. त्यातल्या ३९० दिवसांचे पैसे पगाराच्या प्रमाणात मिळतात, साधारण ८० टक्क्यांच्या आसपास, वर एक कमाल मर्यादा. उरलेल्या ९० दिवसांना अगदी किरकोळ भत्ता. खरी मेख पुढे आहे. त्या ३९० पैकी ९० दिवस फक्त आईचे आणि ९० फक्त बापाचे. बापाने घेतले नाहीत तर ते बुडतात, आईला मिळत नाहीत.

हा नियम उगाच आलेला नाही. १९७४ साली स्वीडनने बाळंतपणाची रजा आई आणि बाप दोघांसाठी खुली केली. जाहिरातीही केल्या. दंडावर बाळ घेतलेला एक धिप्पाड वेटलिफ्टर पोस्टरवर झळकला. तरी बाप घरी बसायला तयार नव्हते. त्या पहिल्या वर्षी एकूण दिवसांतला अर्धा टक्कासुद्धा पुरुषांनी धड घेतला नाही. वीस वर्षं फार काही हललं नाही. मग १९९५ मध्ये एक महिना बापासाठी राखीव केला, २००२ मध्ये दुसरा, २०१६ मध्ये तिसरा. आज एकूण दिवसांपैकी सुमारे ३० टक्के दिवस पुरुष घेतात. आधी मनं बदलू द्या, कायद्याने काय होणार, असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते. मनं बदलायची वाट बघण्यात इथे वीस वर्षं गेली.

आपल्याला तर हे समजायला अवघड जाऊ नये. राखीव जागा म्हणजे काय ते महाराष्ट्राला नीट माहीत आहे. १९९२ च्या घटनादुरुस्त्यांनी स्थानिक संस्थांत बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, २०११ पासून आपल्याकडे त्या ५० टक्के झाल्या. सुरुवातीला सही बाईची आणि कारभार नवऱ्याचा, असंच सगळीकडे होतं आणि अजूनही बऱ्याच ठिकाणी आहे. पण दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला काही बायका स्वतः बोलायला लागल्या, पाण्याच्या टाकीवरून इंजिनिअरला जाब विचारायला लागल्या. जागा राखीव नसती तर ती पहिली फेरीच आली नसती. आपण बाईला बाहेरची खुर्ची राखून दिली. पुरुषाला घरातला पाट राखून द्यायचं कुणाला सुचलं नाही.

उन्हाळ्यात सासूबाई आल्या होत्या. शेंगाचटणी आणि कडक भाकरीने अर्धी बॅग भरलेली. पहिल्याच आठवड्यात माझा नवरा त्यांना आणि लेकीला घेऊन जवळच्या मोकळ्या बालवाडीत गेला. तिथे फी नसते, नाव घालावं लागत नाही, फक्त मुलाबरोबर मोठं माणूस लागतं. कामाच्या दिवशी सकाळी दहा वाजता तिथे बाप्येच बाप्ये. कुणी लंगोट बदलतोय, कुणी चमच्याने उकडलेलं गाजर भरवतोय, सगळे जमिनीवर मांडी घालून बडबडगीतं म्हणताहेत. सासूबाईंनी हळूच विचारलं, "काय रे, या सगळ्यांच्या नोकऱ्या गेल्या की काय?" त्याने रजा, पैसे, सगळं समजावून सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत.

नंतर एकदा नातीला रात्री ताप भरला. मी उठायच्या आत त्याने औषध मापून पाजलं, मागचा डोस कधी दिला होता ते सांगितलं आणि सकाळी कुठे फोन करायचा तेही. दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना सासूबाई मला म्हणाल्या, "अगं, लंगोट काय, कुणीही बदलेल. पण त्याला औषधाचं माप पाठ आहे. तुझ्या सासऱ्यांना पोरं कितवीत आहेत ते मला विचारावं लागायचं."

त्यांनी नेमकं ओळखलं होतं. आम्ही दोघंही घरी होतो त्या सुरुवातीच्या दिवसांत नवरा खूप काही करायचा, पण विचारून. टोपी कुठे आहे? भात किती मऊ करू? लस कधी आहे? हात त्याचे चालत होते, डोकं माझंच. मी सकाळी दार ओढून बाहेर पडायला लागले आणि दोन आठवड्यांत ते प्रश्न बंद झाले. इथल्या नियमातही हे धरलेलं आहे. आईबाप दोघांना एकाच वेळी रजा घेता येते ती फक्त ६० दिवस, बाकीची आळीपाळीने. बाप मदतीला नसतो, जबाबदार असतो.

पैशाची बाजूही सांगायला हवी, कारण आपल्याकडे सगळं तिथेच अडतं. २०१७ च्या दुरुस्तीने आपल्याकडे बाळंतपणाची रजा १२ वरून २६ आठवडे झाली. चांगलंच झालं. पण ईएसआय या सरकारी कामगार विमा योजनेखाली येणाऱ्या बायका सोडल्या तर तो पगार मालकाच्या खिशातून जातो. मग मुलाखतीत मालक मनातल्या मनात हिशेब करतो की बाई घेतली तर खर्च, पुरुष घेतला तर नाही. खासगी नोकरीतल्या बापाला कायद्याने एक दिवसही नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला १५ दिवस. स्वीडनमध्ये हे पैसे सामाजिक विम्यातून येतात आणि मालक त्यात भर घालतो ती बाई असो वा पुरुष, सगळ्यांच्या पगारावर. शिवाय रजेवर दोघंही जाणार. त्यामुळे नुसतं बाई आहे म्हणून ती महाग पडत नाही.

आपल्या सरकारच्याच वेळ-वापर पाहणीचे आकडे बघा. २०१९ मध्ये घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवत होत्या आणि पुरुष ९७. २०२४ मध्ये बायका २८९ आणि पुरुष ८८. मधल्या पाच वर्षांत पुरुषांचा आकडा वाढण्याऐवजी खाली आला. हे वाचून मला फार राग आला, अजूनही येतो.

स्वीडन म्हणजे स्वर्ग नाही. इथेही अर्धवेळ काम बायकाच जास्त करतात आणि म्हातारपणी पेन्शन कमी पडतं ते त्यांनाच. आपल्याकडे १९६६ मध्ये इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्या. इथे पहिली बाई त्या खुर्चीत बसली ती नोव्हेंबर २०२१ मध्ये. एक गोष्ट मात्र आपल्या घरांना अगदी चपखल बसेल. जुलै २०२४ पासून आईबाप आपल्या वाट्याचे काही पगारी दिवस आजी-आजोबांच्या नावे करू शकतात. नातवंडं सांभाळणाऱ्या आजीच्या कष्टाचे पैसे सरकार देतं! हे सांगितलं तेव्हा सासूबाईंनी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

सोलापुरात माझ्या धाकट्या भावाची बायको जानेवारीत बाळंत होणार आहे, ऐन सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेच्या दिवसांत. ती युनिफॉर्म शिवणाऱ्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे, तो बँकेत. परवा फोनवर सांगत होता की त्याने रजा साठवून ठेवलीय, बाळंतपणाला आणि बारशाला मिळून सगळी घेणार. मी त्याला म्हटलं, त्या दिवसांत घरात आई असेल, वहिनीची आई असेल, आत्या-मावश्या येतील, तुझ्या हातात कुणी बाळ देणारसुद्धा नाही. तेव्हा दोन-चार दिवस घे आणि बाकीची रजा राखून ठेव. वहिनी कामावर परत जाईल त्या दिवसापासून घे, आणि आईला तेवढे दिवस पंढरपूरला मावशीकडे पाठव.

तो म्हणाला, "एकट्याला जमेल का गं, ताई?" साहेबांशी बोलून सांगतो म्हणालाय.