कार्ड कोणतं घेऊ? तुम्ही विचारलंत म्हणून

ऑफिसात, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, अगदी लग्नाच्या पंगतीतसुद्धा मला हाच प्रश्न विचारला जातो: "ताई, १४४०पीचा मॉनिटर घेतोय, ग्राफिक्स कार्ड कोणतं घेऊ?" (१४४०पी म्हणजे पडद्यावर उभे १४४० ठिपके, म्हणजे पिक्सेल.) मी लगेच कार्डाचं नाव सांगत नाही, याचा काहींना रागही येतो. मी उलट विचारते, "आत्ताच्या कार्डावर सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे किती चित्रं मिळतात, ते मोजलंस का?" बहुतेकांनी मोजलेलं नसतं. आणि मोजता येतं, तेही नवा मॉनिटर घरात यायच्या आधी.

गेल्या मे महिन्यात कळव्याच्या आतेभावाने असाच फोन केला. त्याच्याकडे २४ इंची १०८०पी मॉनिटर आणि एनव्हिडिया कंपनीचं १२ जीबीचं कार्ड, आरटीएक्स ३०६०. डोक्यात मात्र फोर-के, म्हणजे त्याहून कितीतरी जास्त पिक्सेलचा मॉनिटर, आणि त्यासाठी कार्डही नवं. म्हटलं, थांब, पैसे मोजायच्या आधी फ्रेम मोजू. ऐरोलीहून ट्रान्स हार्बरने ठाणं, तिथून स्लो लोकलने पुढचंच स्टेशन. संध्याकाळी त्याच्या टेबलाशी बसलो.

एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये 'डीएसआर फॅक्टर्स' अशी एक ओळ आहे. तिथे १.७८ वर खूण केली की १०८०पीच्या मॉनिटरवरही गेममध्ये २५६० × १४४० निवडता येतं. कार्ड तेवढे सगळे पिक्सेल खरोखर काढतं आणि मग चित्र लहान करून जुन्या पडद्यावर बसवतं. डोळ्यांना फरक थोडाच जाणवतो, पण कार्डावरचं ओझं खरं असतं. ४ वर खूण केली तर फोर-केचं ओझं. एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या कार्डांत हीच सोय 'व्हर्च्युअल सुपर रिझोल्यूशन' या नावाने आहे.

आकडे पाहा: १०८०पी म्हणजे सुमारे २०.७ लाख पिक्सेल, १४४०पी म्हणजे ३६.९ लाख आणि फोर-के म्हणजे ८२.९ लाख. फोर-के म्हणजे आत्ताच्या चौपट काम. लोक "जरा मोठा मॉनिटर" म्हणतात तेव्हा हे चौपट त्यांच्या मनात नसतं.

त्याचे दोन गेम घेतले. मित्रांबरोबर खेळायच्या शूटरमध्ये १०८०पीवरून १४४०पीवर गेलो तरी फ्रेम जेमतेम कमी झाले. कारण सोपं आहे. तिथे आधीपासून प्रोसेसर अडवत होता, कार्डाचा वापर ६०-७० टक्क्यांवर रेंगाळत होता. म्हणजे त्या गेमपुरतं नव्या कार्डाने काहीच मिळणार नव्हतं. दुसरा मोठ्या नकाशाचा, पावसाळी रस्त्यांचा गेम. तिथे कार्ड आधीच ९८ टक्क्यांवर. साधारण ६२ फ्रेमचे ४० झाले. फोर-के लावलं आणि विशीत आलो. त्याचा चेहरा उतरला.

मग डीएलएसएस, म्हणजे लहान चित्र मोठं करायची एनव्हिडियाची सोय, 'क्वालिटी'वर ठेवली. १४४०पीवर ही सोय आतून फक्त १७०७ × ९६० एवढंच चित्र काढते, म्हणजे १६.४ लाख पिक्सेल, आणि बाकीचं अंदाजाने भरून मोठं करते. हे तर त्याच्या जुन्या १०८०पीपेक्षाही कमी काम! मोठं करायला थोडा वेळ जातो तो वेगळा, पण फ्रेम पुन्हा पन्नाशीच्या पुढे गेले. जे कार्ड बदलायला तो निघाला होता, तेच १४४०पीला पुरत होतं.

म्हणून माझं ठाम मत: आधी मॉनिटर, मग गरज वाटली तर कार्ड. आणि २७ इंचाला १४४०पीच. फोर-के सुंदर दिसतं, मी नाकारत नाही, पण त्यासाठी दरवेळी वरच्या रांगेतलं कार्ड लागतं.

कार्ड घ्यायची वेळ आलीच तर मेमरीकडे आधी बघा. आरटीएक्स ४०६० टीआय आणि ५०६० टीआय ही दोन्ही कार्डं ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन रूपांत आली. नाव तेच, खोक्यावर आकडा वेगळा. मुंबईत संगणकाच्या दुकानांसाठी लॅमिंग्टन रोडला जाल तेव्हा बिलावर जीबी लिहून घ्या. कार्डाची मेमरी भरली की गेम साध्या रॅमकडे धाव घेतो आणि चालता चालता ठेच लागल्यासारखा अडखळतो. सरासरी फ्रेम चांगले दिसतात, खेळताना मात्र जीव वैतागतो. १४४०पीसाठी १२ जीबीच्या खाली मी कुणालाच जाऊ देत नाही.

दोन कार्डं जोडण्याचा विचार सोडून द्या. एनव्हिडियाने १ जानेवारी २०२१ पासून एसएलआयसाठी, म्हणजे कार्डं जोडायच्या तिच्या सोयीसाठी, नवे ड्रायव्हर प्रोफाइल देणं थांबवलं, आणि दोन कार्डांची मेमरी गेममध्ये कधीच बेरीज होत नव्हती.

एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, मात्र विसरू नका. आतेभावाचा ४५० वॅटचा आहे. आरटीएक्स ५०७० एकटंच २५० वॅट घेतं आणि त्यासाठी कंपनी ६५० वॅटचा एसएमपीएस सांगते. म्हणजे कार्डाच्या किमतीत तोही धरायचा. आणि ३०० वॅटचं कार्ड म्हणजे जुने शंभर वॅटचे तीन पिवळे दिवे खोलीत पेटवून बसण्यासारखं. ती सगळी उष्णता खोलीतच राहते. आपल्याकडच्या चिकट मे महिन्यात, दार लावून, एका पंख्याखाली तीन तास बसून बघा. आरटीएक्स ३०६० तुलनेने १७० वॅटवर थांबतं.

त्याने मॉनिटर घेतला, १६५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलणारा. आठवड्याने फोन आला, "ताई, काहीच फरक नाही गं." मी पुन्हा गेले. विंडोजने पडदा ६० हर्ट्झवरच ठेवला होता. नवे मॉनिटर पुष्कळदा असेच सुरू होतात. डिस्प्लेच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जाऊन १६५ केलं. आत्या सोसायटीचा हिशोब त्याच संगणकावर लिहिते. ती मागे उभी होती. चष्मा वर सारून म्हणाली, "अगं, बाण कसा लोण्यासारखा सरकतोय! आणि आकडे आता वाकून बघावे लागत नाहीत."

कार्ड अजून तेच आहे.